दाराची जागा

रविवार, १४ मार्च, सकाळ

प्रिय ताई,

वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो असे भाच्याकडून कळले. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू अर्धेच करतेस, हेही कळले. पूर्ण कर.

मुलाकडे मी चार दिवसांसाठी आले होते. आज अकरावा दिवस. कारण यथावकाश येईल. शेवट आधी वाचण्याची तुझी खोड मला ठाऊक आहे.

येण्याचा हेतू तुला लिहिलाच होता. दीड महिन्यात दुसरे बाळ येणार आणि ही मंडळी शहराच्या ऐन मध्यात दोन खोल्यांत राहतात. दोघांच्या पगाराचा जवळजवळ निम्मा भाग भाडेच गिळते. माझे घर शहराबाहेर, अंगणासह, निम्मे रिकामे. निष्कर्ष शेंबड्या पोरालाही काढता आला असता. तरी पस्तीस वर्षे इमारतींचे आराखडे काढलेल्या बाईने नुसते बोलून कसे भागावे? पहिल्याच दिवशी टेप घेऊन मी दोन्ही खोल्या मोजल्या आणि नकाशा काढून सिद्ध केले, की बाळाची खाट या घरात मावत नाही. नकाशा, माझ्याच तोंडाने सांगते, देखणा होता.

सूनबाई दोन गल्ल्या पलीकडच्या इस्पितळात परिचारिका आहे. तिने तो नीट पाहिला. म्हणाली, "आई, तुमच्याकडे खोल्या मिळतील, पण तिथे आम्ही फक्त झोपायला येऊ. जाऊन-येऊन तीन तास. इथे मी जेवणाच्या सुट्टीत घरी येते, हिला शाळेतून आणते."

"आणि खाट? ती काय डोक्यावर घेणार?"

इतक्यात खारूताई, म्हणजे आपली सहा वर्षांची नात, खुर्चीवर चढून नकाशा न्याहाळू लागली. आतल्या खोलीच्या दाराशी मी काढलेल्या पाव वर्तुळावर तिने बोट ठेवले. "आजी, हे काय?"

"दार उघडतं-मिटतं, त्याची जागा. तिथे काही ठेवायचं नसतं."

"पण ते दार मिटतच नाही. त्याच्यामागे माझं दुकान आहे."

ताई, दार तीन वर्षांपासून दोरीने खिळ्याला बांधलेले होते. मागे डबे, खेळण्यातला तराजू आणि 'दुकान चालू आहे' अशी पाटी. मोजताना ती दोरी मी पाहिली होती. तरी हात वर्तुळ काढून मोकळा झाला.

मुलगा हसू दाबत होता. "तुझ्या हाताखालच्या कुणी हे केलं असतं तर?"

"घरी पाठवलं असतं," मी म्हणाले.

"मग तुला नाही पाठवणार."

गुरुवारी सुताराने दार उतरवले. खाट त्या कोपऱ्यात बसली, दोन सेंटीमीटर राखून. दुकान खाटेखाली हलले. मालकिणीच्या मते तिथे गिऱ्हाईक जास्त येईल. उतरवलेले दार सूनबाईने बाहेरच्या खोलीत भिंतीला बिजागरीने आडवे लावून घेतले. दिवसा वर उचलले की भिंत, रात्री खाली सोडले की पलंग. तो कुणासाठी, हे मी विचारले नाही. तिनेच सांगितले, "बाळ आल्यावर तुम्ही लागणार आहात. परवानगी विचारत नाहीये, आई."

सुतारकाम सुबक आहे. एक बिजागरी किंचित तिरकी आहे. मी बोलले नाही. यावरून माझी अवस्था ओळख.

आता राहिलेले लिहिते. हे सारे मुलांच्या भल्यासाठी, असे मी तुला कळवले होते. ते पुरते खरे नव्हते. माझ्या घरातल्या तीन खोल्या मी दर रविवारी केवळ हवा खेळावी म्हणून उघडते आणि संध्याकाळी पुन्हा बंद करते. खाट इथे मावू नये, अशी माझीच इच्छा होती. ते वर्तुळ नुसत्या सवयीने निघाले, असे मी शपथेवर सांगू शकणार नाही.

आज रविवार. तिकडच्या खिडक्या आज कुणी उघडणार नाही, आणि त्याची रुखरुख मला शोधूनही सापडत नाही. खाटेखालून हाक येते आहे. दुकान उघडले, पहिले गिऱ्हाईक मी.

व्यायाम पूर्ण कर आणि ये. जिने तीन आहेत, पण दार आडवे येणार नाही.

त्याच दारावर झोपणारी,
तुझी धाकटी