मान फिरवणारा म्हातारा

४ मार्च, सोमवार
खेळाचा नवा भाग आला. नवं गाव, नवं जंगल, वेशीवर एक म्हातारा. त्याला श्नॅप्स दारूची बाटली दिली की गावात प्रवेश. जुन्या भागात मी अख्ख्या कुमासी शहरात पहिला होतो. हे तर जेवणाआधी उरकेल.

संध्याकाळी. उरकलं नाही. बाटली पुढे केली की म्हातारा मान फिरवतो. बग. शंभर टक्के बग. शेळ्याही छपरांवर चालताहेत. कंपनीला कळवलं.

५ मार्च, मंगळवार
पोकुआ काल पहिल्याच फटक्यात गावात गेली म्हणे. संशय दाखवला नाही. फक्त विचारलं, कोणती चोरवाट? ती हसायला लागली. म्हणाली, "एक म्हातारा पटवता येत नाही तुला, शनिवारी माझ्या मामाला काय पटवणार आहेस?"

शनिवारी आमची माणसं तिच्या घरी दार ठोठावायला जाणार, म्हणजे मागणी घालायला. शेवटचा शब्द मामांचा. ते नाही म्हणाले तर संपलंच. तिच्याशिवाय मला करमत नाही, हे तिला सांगितलेलं नाही. पण तिच्याकडचा खेळ वेगळा असावा, असा दाट संशय.

निश्चय: शनिवारच्या आत गावात शिरायचंच.

६ मार्च, बुधवार
घानाचा स्वातंत्र्यदिन. कंपनीला सुट्टी. बरोबर आजच.

आई मक्याचं केंके आणि तळलेले मासे घेऊन आली. पडद्याकडे बघून म्हणाली, "अरे, वडीलधाऱ्या माणसाला डाव्या हातानं बाटली देतोस? तोंड फिरवेल नाही तर काय, मुका घेईल?" तिला समजावलं. उजव्या हातात तलवार असते, डावा रिकामा असतो. जुन्या भागात सगळे असंच द्यायचे, कुणी हूं की चूं केलं नाही. तर म्हणे, "मग तलवार ठेव की खाली." वेशीवर तलवार खाली ठेवा! लढाईतलं तिला काय कळतं? शिवाय तिचं आणि पोकुआचं हल्ली फारच गूळपीठ जमलंय. लक्षात ठेवलं आहे.

७ मार्च, गुरुवार
कंपनीचं उत्तर: शेळ्यांबद्दल क्षमस्व, दुरुस्ती चालू आहे. म्हातारा ठीक आहे. कृपया आपला हात तपासावा.
म्हणजे माउस खराब. नवा आणला. म्हातारा तसाच. दुकानदारही त्यांना सामील असणार. दुपारी लाइट गेली, नेमकी मी बाटली पुढे करतानाच.

८ मार्च, शुक्रवार
दुरुस्ती आली. शेळ्या खाली उतरल्या. म्हातारा आता मान फिरवून वर थुंकतोही. हे माझ्या तक्रारीला उत्तर आहे. मला ओळखून आहेत ते. मोठी तक्रार पाठवली, व्हिडिओसकट.
मामांची काळजी नाही. जिवंत माणसात बग नसतो.

९ मार्च, शनिवार
गेलो. केंटेचं वस्त्र नेसलो होतो. काका आमच्या वतीनं झकास बोलले. बाटली ठेवली. मामा खुशीत. मला म्हणाले, "या जावईबुवा, हात द्या." तेवढ्यात फोन वाजला. कंपनीचं उत्तर! फोन उजव्या हातात होता. मी डावा पुढे केला.

मामांनी मान फिरवली. हुबेहूब तशीच.

बाटली परत मिळाली. आई म्हणाली, बुधवारीच सांगितलं होतं. पोकुआचा निरोप आला: "फोनसुद्धा खाली ठेवता आला नाही तुला?" पुढे काही नाही. मला रडू आलं.

घरी येऊन खेळ उघडला. तलवार म्यानात घातली, उजव्या हातानं बाटली दिली. म्हातारा उठून उभा राहिला. म्हणाला, "ये बाळा, घर तुझंच आहे."

गावात शिरलो. समोर पोकुआ उभी होती. तिनं मला पाहिलं आणि ऑफलाइन गेली.

बग असेल.