फोंड्याच्या बागेतले रविवार

गुरु. ९ जाने.

रघुनाथमामांचा फोन. सुर्ल्याच्या स्थळाचा नकार. नकाराचं काय एवढं, असे चार पचवलेत. पण कारण! "मुलीला फिट येतात म्हणे. आधी सांगायला नको होतं का?"

मला! फिट! आई फोन हातात धरून कदेलच्या पाठीला टेकून बसली ती बसलीच.

रविवारचं सगळं परत आठवून बघितलं. ठरल्याप्रमाणे आधी फोंड्याला देवदर्शन, मग दुपारी बागेत. घरी बघायला आले की अख्खं हळर्ण गाव जनेलातून डोकावतं, बागेत कोण कोणाला ओळखतो. मुलाची आई बाकावर मधोमध, मांडीवर ही मोठी जांभळी पर्स. आइस्क्रीम तिनेच सगळ्यांना घेतलं. मग म्हणाली, "जावा, दोघं मारून या फेरी." मी नि तो सर्वेश निघालो. दोन वाक्यं बोलला असेल, त्यातलं एक फोनवर दुसऱ्याच कोणाशी. घसरगुंडीपाशी माझ्या नव्या चपलेचा पट्टा निसटला. खाली बसले, पट्टा ओढून बसवला, उठले, परत आलो. संपलं.

पर्सवालीने लांबून मला जमिनीवर बसलेली बघितली असणार. घेतला की लगेच पदरात पुरावा बांधून. पसंत नव्हते तर नाही म्हणायचं होतं गो, एवढी कशाला मेहनत? शिरा पडो तिच्या तोंडावर.

सोम. १३

डिचोलीचंही फिसकटलं.

हे लागलं. खरंच लागलं. सुर्ल्याचा काय, आला नि गेला. पण डिचोलीच्याशी तीनदा फोनवर बोलले होते. गॅरेज आहे त्याचं. हसला की फोन कानापासून लांब धरावा लागतो. मला आवडला होता. इथे लिहायला काय हरकत आहे, आवडला होता.

आज त्याची आई मामांना म्हणाली, "जरा थांबूया." सुर्ला नि डिचोलीत अंतर ते काय, बातमी चालत गेली तरी तासात पोचेल. दुपारी त्याचा मेसेज आला, "तब्येतीची काळजी घे. औषध चुकवू नको."

औषध चुकवू नको!! काय उत्तर देणार याला? मला काही होत नाही म्हटलं तर म्हणणार, लपवते. तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. शेवटी काहीच पाठवलं नाही.

मंगळ. १४

आई म्हणते राखणदाराला नारळ ठेवूया, गाऱ्हाणं घालूया. "जो कोण असं बोलला त्याची जीभ झडो म्हणून." म्हटलं देवाला कशाला त्रास, फोंड्याची बस मला ठाऊक आहे. आईला कळलं नाही. बरं झालं.

मामांना सुर्ल्याच्या लोकांबद्दल सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणाले, "त्यांचं काय बाय, दर आयतवारी सकाळी देऊळ नि दुपारी बागेत कोणीतरी मुलगी. नवसच बोलल्यात जणू."

दर आयतवारी. छान.

रवि. १९

आईला सांगितलं, दवाखान्यातल्या शर्मिलाकडे जाते. तीन बसा बदलून फोंडा. दाताच्या दवाखान्यात आठवडाभर उभी असते मी, रविवारी पाय पसरून झोपायचं सोडून हे. पण गेले.

बाग मस्त आहे खरं तर. त्या दिवशी काही दिसलंच नव्हतं. सावली, गवत नुकतंच शिंपलेलं, म्हाताऱ्यांचा पत्त्यांचा अड्डा. शेंगदाणे घेऊन कारंज्याच्या अलीकडे बसले. कारंजं बंदच.

आले! तोच बाक. तीच पर्स. तेच आइस्क्रीम, अगदी पिस्तासुद्धा तेच. हिरव्या ड्रेसमधली मुलगी, सोबत तिची आई नि काका. "जावा, मारून या फेरी." शब्द बदलायचे तरी कष्ट घे गो.

मुलगी हात धुवायला नळावर आली. मी आधीच तिथे. म्हटलं, "बघायला आलेत ना तुला? मलाही इथेच बघितलं, त्याच बाकावर. नंतर मला फिट येतात म्हणून गावभर सांगितलं. हो म्हणालीस तर ती सासू, नाही म्हणालीस तर तुझ्या नावावर कुठला आजार येतो ते बघ." मुलीचा चेहरा उतरला. पाच मिनिटांत त्यांना कुठेतरी जायची घाई झाली.

पर्सवाली हातात दोन कप घेऊन बसून राहिली. आइस्क्रीम वितळून बोटांवरून ओघळत होतं.

बरं वाटलं. खूप बरं वाटलं. बसमध्ये उभी होते तरी पाय दुखले नाहीत.

बुध. २२

डॉक्टर म्हणाल्या, "सुलक्षा, आज खुशीत दिसतेस." एका काकांची दाढ काढत होत्या. मी काकांचं डोकं धरलं होतं नि मनात म्हणत होते, इथे कधीतरी ती जांभळी पर्स येऊ दे. भूल देण्याआधी मला बाहेर पाठवू नका म्हणावं.

रवि. २६

बागेत आज झेंडेवाली पोरं, फुगे, नुसती जत्रा. तरी बाक त्यांनी धरलाच होता, सकाळपासून रुमाल टाकून ठेवतात की काय.

आजची मुलगी सत्तरी तालुक्यातली, वहिनीबरोबर आलेली. गोड होती, वेणीत अबोली. नळावर तिनेच मला हसून विचारलं, "पाणी पिण्याचं आहे ना हो?" तिला खरं सांगून भागेल असं वाटेना. म्हटलं, "त्या मुलाचं आधी एक लग्न झालंय. सासूच्या जाचाने चार महिन्यांत पळाली. माझी मावसबहीणच ती."

मावसबहीण! कुठून आली ती देव जाणे. मुलीने विचारलं, "खरं?" मी म्हटलं, "मी कशाला खोटं बोलू?" जीभ अडखळलीसुद्धा नाही.

तिची वहिनी तरातरा बाकाकडे गेली. काय बोलली ऐकू आलं नाही, पण पर्सवालीने दोन्ही हात जोडलेले दिसले. मग ती नुसती गुडघे चोळत बसली. चोळ म्हटलं. माझी आई गेले दोन आठवडे धड जेवलेली नाही, तेही असंच कोणीतरी बघायला हवं होतं.

येताना अबोलीवालीची आठवण येत होती. तिचं काय वाईट केलं मी? सुटली ती.

रवि. २ फेब्रु.

घरी आल्याबरोबर लिहितेय.

आज मुलगी आलीच नाही. पर्सवालीही लवकर उठून देवळाकडे गेली. मी शेंगदाणे संपवून निघणार तर समोर सर्वेश. हातात दोन कोन. एक माझ्यापुढे केला.

"पहिल्याच रविवारी ओळखली मी तुला," म्हणतो.

मला वाटलं आता भांडण. तयारच होते मी. तर हा शेजारी बसला, आपला कोन चाटत. "थँक्स गो. दोन गेल्या तुझ्यामुळे. नाहीतर मला काहीतरी शोधावं लागलं असतं."

म्हटलं, "काय शोधावं लागलं असतं?"

"कारण. मला इतक्यात लग्नच नको. आई ऐकत नाही. तू तर तिला एवढी पसंत पडलीस, दुसऱ्या दिवशी साखरपुड्याचं बोलायला निघाली. मग काय करणार? तू चप्पल लावायला खाली बसलीस ना, ते आठवलं. सांगितलं तिला, आई, तिला फिट आली, मी बघितली. घाबरली बिचारी." आणि हसला. "राग नको धरू हां. तुझ्याबद्दल वैयक्तिक काही नव्हतं."

वैयक्तिक काही नव्हतं!

वर म्हणतो काय, "पुढच्या रविवारी म्हापशाची येतेय. येशील ना? कारंज्यापाशीच बस, तिथून नळ जवळ पडतो."

मेल्या! नि त्याच्या हातातून कोन घेतला होता मी. मी! शर्मिलाला बोलून बोलून रडवते ती मी! तो उठून गेला नि मी कोन धरून बसलेली, कोपरापर्यंत चिकट. तीन बसा बदलून, आईशी खोटं बोलून, मी या माणसाची चाकरी करत होते. फुकट. नि ती बाई, जिला मी रोज झोपताना शिव्या घातल्या, तिला मी पसंत होते.

कोन कचऱ्यात टाकला. त्याच्या डोक्यात घालायचा होता, ते आत्ता सुचतंय.

बुध. ५

आईला अजून सांगितलं नाही. सांगितलं तर ती आज राखणदाराकडे धावेल नि उद्या सुर्ल्याला.

दिवसभर त्याचं ते हसणं डोळ्यांपुढे. राग नको धरू हां. धरलाय. घट्ट धरलाय. पर्सवालीवरचा राग नुसता भाताच्या पेजेसारखा होता, उतू गेला नि संपला. हा तसा नाही.

मी दोनदा चुकीची चिमटी दिली म्हणून डॉक्टर ओरडल्या.

रवि. ९

नळावर गेले नाही. सरळ बाकाकडे गेले. सर्वेश आइस्क्रीमच्या गाड्यापाशी होता, म्हापशाची माणसं यायची होती. पर्सवाली एकटी.

मला बघून ती आधी दचकलीच. मग बाजूला सरकून जागा दिली आणि पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढून हातात धरला. कशाला ते कळेना. म्हणाली, "एकटीच आयलंस गो बाय? वाटेत काय झालं तर? बस, बस सावलीत." तेव्हा कळलं. मला फिट आली तर हातात लोखंड द्यायला काढल्या होत्या तिने किल्ल्या.

मला रडूच आलं. रागानेच, पण आलं.

सगळं सांगितलं. चप्पल. कोन. "काहीतरी शोधावं लागलं असतं." नळावर मी काय काय बोलले तेही सांगितलं, मावसबहिणीसकट. मला वाटलं आता म्हणणार, माझा मुलगा असा नाही.

म्हणाली, "तुझ्या नावान तीन फावटी प्रसाद घेतला मी. देवाच्या आंगावरची पाकळी तिन्नी फावटी उजवी पडली, म्हणजे देवाचो होकार. मागीर ह्यो सांगता तिका फिट येता. मी देवळात उभी रावन देवाक बोलले गो. म्हटलं, असली पोर माझ्या घरात घालतोस? तुका दिसना? देवाक बोलले मी!" पुढच्या प्रत्येक मुलीचा प्रसाद डावा येत होता, तरी तीच हट्टाने बघत राहिली, म्हणे देवाचं आता काय खरं नाही.

तेवढ्यात तो आला. दोन्ही हातांत कप. मला तिथे बघून जागच्या जागी उभा. पर्सवाली म्हणाली, "बस." तो म्हणाला, "आई, ही काय सांगता..." ती म्हणाली, "बस म्हटलं."

बसला. असा बसला, आमच्या दवाखान्यात पोरं बसतात तसा.

म्हापशाच्या माणसांना तिने फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. मग माझा हात धरला. "येत्या आयतारा तुझ्या आईक घेवन ये. मामांकय. ह्यो सगळ्यांसमोर सांगतलो, आपण खोटं बोललो म्हणून. मागीर तू काय म्हणशील तां."

त्याच्याकडे बघितलं मी. चेहऱ्यावर आता हसू नव्हतं.

गुरु. १३

आईला सगळं सांगितलं. आधी मला दोन शिव्या, तीन बसा बदलून गेले म्हणून. मग त्याला इतक्या की मोजल्या नाहीत. मग रडली. मग आज पहिल्यांदा दोनदा भात वाढून घेतला.

मामांचा फोन. सुर्ल्याच्या बाईने स्वतः डिचोलीला फोन करून सांगितलं, मुलीला काही नाही, आमच्याच पोराने खोटं पसरवलं. चांगली बाई आहे, तिला किती शिव्या घातल्या मी. पण डिचोलीवाले म्हणाले, "अरेरे. आमच्याकडे सोमवारीच साखरपुडा झाला."

गॅरेजवाल्याचा.

मामा म्हणतात, नशिबात नव्हतं. नशिबाचं नाव कशाला घ्यायचं, ज्याने केलं त्याला नाव आहे. माझं होणारं माणूस त्याने दुसरीच्या हातात देऊन टाकलं, चपलेच्या पट्ट्यावरून. परसात जाऊन पुष्कळ वेळ उभी राहिले.

शनि. १५

सकाळी सर्वेशचा मेसेज, "सगळ्यांसमोर माफी मागतो. पण तू नाही म्हण प्लीज. आईने परत प्रसाद घेतला, परत उजवा. आता ती माझं ऐकणारच नाही. तू हो म्हणालीस तर मी अडकलो. तुझे उपकार होतील."

उपकार. केले की दोन रविवार.

दुपारी परत, "सुलक्षा?" संध्याकाळी परत, "प्लीज काहीतरी बोल." वाचलं ते त्याला दिसतंय. उत्तर देत नाही ते पण दिसतंय.

आई दिवसभर मागे लागलीय, बाय, मनात काय आहे तुझ्या, होय की नाही? पर्सवालीला वाटतं होय. मामांना वाटतं होय म्हणण्यातच शहाणपण. मला काय वाटतं ते आईलाही सांगितलं नाही.

उद्या आधी देऊळ, मग बाग. तो माफी मागेल, मी ऐकून घेईन. मग मीच म्हणणार, चल, मारूया फेरी. घसरगुंडीच्याही पलीकडे नेईन, पार कुंपणापर्यंत, सावकाश, आणि तोवर होय की नाही ते त्याला सांगणार नाही, तेवढा वेळ तरी अडकू दे.