दोन पाटीलपाडे

१० नोव्हेंबर, सोमवार. तलासरी

दीड महिना वही उघडली नाही. रोज म्हणायचं, उद्या. लिहायला बसले की मोबाईल हातात येतो, मग कुणी तरी आंबाडीची भाजी करत असते ती शेवटपर्यंत बघायची. आज बसले, कारण सांगायला दुसरं कुणी नाही.

अंगणवाडीचा व्हिडिओ चालला. आमच्या बातम्यांच्या यूट्यूब चॅनेलचा आजवरचा सगळ्यात जास्त. पालघरहून चॅनेलच्या सरांचा फोन : "पुढच्या महिन्यात तुझं तालुका प्रतिनिधीचं कार्ड." आठ महिने ह्याच कार्डासाठी जीपच्या टपाला लटकून फिरतेय. एफवाय सोडलं त्यानंतर पहिल्यांदाच माझ्या नावाचं काही तरी येणार.

शूट असं झालं. पाटीलपाडा, दिवसाढवळ्या दाराला कुलूप. भात कापणाऱ्या बाया म्हणाल्या, "बाई येते ना. सण येतो तशी येते." घेतलं. निघाले ते सरळ रूमवर यायचं, तर समोर सायवनची जीप. म्हटलं बाजार बघू. तिथेच भज्यांच्या टपरीवर बसून एडिट केलं, गावाचं नाव टाकलं, सोडलं.

घरी फोन केला. बाबा : "मळणीला येतेस की नाही ते सांग." मैत्रिणी वापीला कंपनीत, शिफ्टवर. शेवटी गुजराती घरमालकीण काकींना सांगितलं. म्हणाल्या, "सरस, बेटा. पाणी भरून ठेव, उद्या नळ नथी."

१२ नोव्हें.

सकाळी अनोळखी नंबर.

"बाय, तू माझ्या अंगणवाडीत कधी आलीस?"

डहाणू तालुक्यातल्या पाटीलपाड्याच्या सेविका. मी म्हटलं, आले होते, दार निळं, दारावर पोपट.

"पोपट सगळ्याच दारांवर आहे. माझ्या पोपटाला चोच नाही. पोरांनी खरवडली. तुझा बघ."

बघितला. चोच आहे. लालभडक.

आमच्याकडे गाव म्हटलं की एक तरी पाटीलपाडा असतोच. त्या आठवड्यात मी दोन केले. कुलूप होतं ते इकडे, तलासरी तालुक्यातल्या पा.पा.ला. डहाणूच्या पा.पा.ला नुसती पाणी प्यायला थांबले होते. आणि नाव टाकलं डहाणूचं. हातात भजी, लक्ष बाजारात.

ताईंना वरून नोटीस आली आहे. मंगळवारपर्यंत लेखी खुलासा.

दिवसभर काही खाल्लं नाही. कुणी विचारलंही नाही.

१३ नोव्हें.

गेले. दोन जीप आणि पुढे चालत. वाटेत एक जण माडावर चढत होता, त्याचं शूट करत अर्धा तास घालवला. खरं म्हणजे पोचायचं नव्हतं.

ताई खिचडी वाढत होत्या. मला बघून ओरडतील असं धरून चालले होते. म्हणाल्या, "चप्पल काढ, बस. आधी जेव." पोरांच्या ओळीत बसले. किती दिवसांनी कुणाच्या शेजारी बसून जेवले आठवेना.

मग म्हणाल्या, "अकरा वर्षं झाली मला. एक दिवस उशिरा उघडलं नाही. आता पाण्यावर गेले की बाया गप्प होतात. तू मोबाईलवर बोललीस, तसंच मोबाईलवर बोल. मी चुकले म्हण."

हो म्हटलं. निघताना दाराकडे बघितलं नाही.

१५ नोव्हें.

सरांना फोन. "अजून व्ह्यूज येतायत, हात लावू नकोस. नाव गुपचूप बदल, बस."

मी म्हटलं, बदलून त्यांची नोटीस जाईल का? माफी मागायला हवी, माझ्याच तोंडाने.

"माफी मागणारं चॅनेल कोण बघतो? टाकलीस तर माईक कुरिअरने पाठव. कार्डाचं विसर."

माईक टेबलावर आहे. वर चॅनेलचा लोगो. हायवेवरच्या चहावाल्यापासून सगळे मला 'प्रेस' म्हणतात, नाव कुणालाच माहीत नाही. हा गेला तर काय म्हणतील...

आणि दुसरी गोष्ट. खरा पाडा सांगितला की नोटीस इकडच्या सेविकेला. तिला तर मी बघितलंही नाही. का येत नाही, विचारलंही नाही. कुलूप दिसलं, झालं.

१६ नोव्हें., रविवार

माफीचा व्हिडिओ टाकला. चॅनेलवरच, पासवर्ड अजून माझ्याकडे आहे तोवर. एकोणपन्नास सेकंद. चूक माझी, डहाणूच्या पा.पा.च्या सेविकेचा काही संबंध नाही. खरा पाडा कुठला ते बोलले नाही. तेच कागदावर लिहून, सही करून, ताईंना फोटो पाठवला. निळ्या दोन खुणा आल्या.

दुपारी सरांनी ग्रुपमधून काढलं. मग पासवर्ड चालेना. माफी खाली घेतात की ठेवतात, बघायचं.

१७ नोव्हें.

आहे अजून. बघितलाय फार थोड्यांनी. खाली सगळे एकच विचारतात : मग कुलूप कुठल्या पाड्याचं? एकाने लिहिलंय, घाबरली. एकाने, विकली गेली. उत्तर लिहिते, पुसते.

माईक खोक्यात भरला. चिकटपट्टी नाही. आणायला गेले ती उंबरगावपर्यंत भटकून आले, पट्टी विसरले.

ताईंनी फोन उचलला नाही.

१८ नोव्हें., मंगळवार

खुलाशाचा दिवस. माझा कागद लावला की नाही, कळायला मार्ग नाही.

काकी खालून हाका मारतायत. कुणी बाई आली आहे म्हणे, तुलाच विचारते. वाटलं ताई असतील. खिडकीतून बघितलं, त्या नाहीत. माझ्याच वयाची. घामाघूम, काखेत पदराखाली दाबून धरलेलं हजेरीचं रजिस्टर. वर बघत नाही.

काकींनी कुठली म्हणून विचारलं. पाटीलपाड्याची, म्हणाली. डहाणूची नाही, इथलीच.