लिलाधरचा मसाला

१ डिसेंबर २०२४, रविवार

बिघडली! पुन्हा भाजी बिघडली. वांगे तर मस्त होते — लहान-लहान, काटेरी देठाचे, अड्याळच्या बाजारातून मीच निवडून आणलेले. गच्चीवर तीन विटा मांडून चूल केली. थंडीत जाळाजवळ बसाले बरं वाटत होतं. खोबरं भाजलं, जवस भाजला, धने, तीळ, सगळं पाट्यावर वाटलं. रंग आला, तर्री आली — अन् चव? शकुननं एक घास घेतला अन् म्हणे, "चांगली झाली." बायको अशी थंडपणे 'चांगली' म्हणते तेव्हा काय समजायचं ते समजून घ्यावं.

लिलाधरची भाजी अशी नोहती. डोळ्यातून पाणी, नाकातून पाणी, तरी माणूस ताट पुढं करून म्हणे — अजून टाक!

लिलाधर मे महिन्यात गेला. हा पहिला हिवाळा त्याच्याबिगर. आमचा दोस्त इश्वर, त्याले फोन केला, यंदा रोडग्याचं कवा धरायचं म्हणून. तो म्हणे, "लिला नाही त कायचे रोडगे बे? नुसते कणकेचे गोळे भाजून खायले आपण काय येडे आहो?" अन् ठेवून देला फोन.

म्हणजे जवानीपासून चाललेला आमचा कार्यक्रम बंद! मी नाही होऊ देत. भाजी जमली की इश्वर धावत येते, मले माहीत आहे त्याची जीभ. भाजी जमलीच पाहिजे.

४ डिसेंबर, बुधवार

कडक थंडी. धान निघून बांध्या मोकळ्या झाल्या, त्यात लाखोरी डाळीचं पीक हिरवं झालं. पाहिलं अन् रोडगे आठवले. मले आजकाल कायबी पाहून रोडगेच आठवून राहिले.

८ डिसेंबर, रविवार

आज काही केलं नाही. उन्हात खाट टाकून पडलो अन् पवनीची नदी आठवत राहिलो.

सायकलनं जात होतो चौघं. मी, लिला, इश्वर अन् मंगरू. कॅरियरले गोवऱ्याचं पोतं बांधलेलं, हँडलले वांग्याची थैली. तेव्हा वैनगंगा हिवाळ्यात एका कडेले जाय अन् इकडे पांढरी रेतीच रेती. आता धरणाचं पाणी बारा महिने भरून राहते. ज्या जागी आम्ही जेवलो तिथं डोंगे चालतात. असो.

कामं ठरलेली होती. मंगरू धिवराचा, मासोळ्या धरणाऱ्या घरचा, तो आल्या-आल्या पाण्यात उडी मारे, मंग कुडकुडत येऊन गोवऱ्या रचे. इश्वर कणिक मळे. रोडगे माह्याकडे — गोळ्यात तेल लावून पदर घालणं, निखाऱ्यात दाबणं, राखेतून काढून कपड्यानं झटकणं. माह्यासारखा रोडगा अजूनही तालुक्यात कोणी करत नाही, हे मी गर्वानं नाही, खरं आहे म्हणून लिहून राहिलो.

अन् भाजी लिलाची. कांदा लाल झाला की तो ओरडे, "पाठ करा बे सगळे!" आम्ही तिघं नदीकडे तोंड करून बसत होतो, शाळेत शिक्षा झालेल्या पोट्ट्यायसारखे. मांगून डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज. मंग तेलात मसाला पडल्याचा चर्रर्र! अन् तो वास! तेव्हाच वळायचं. एकदा इश्वर मधातच वळला त लिलानं त्याच्यावर उलथणं उगारलं. "माह्या बापाचा मसाला आहे हा. पोरालेबी सांगत नाही मी!"

बायका नोहत्या येत. पहिल्यापासूनच नाही. "एक दिवस त्यायले सुट्टी," लिलाच म्हणे. आम्ही त्यायच्यासाठी थंडे रोडगे घरी आणत होतो. भाजी कधी उरलीच नाही.

आज शकुनले म्हटलं, काय दिवस होते गं! ती तुरीच्या शेंगा सोलत होती. म्हणे, "हो ना. तुमचे होते."

११ डिसेंबर, बुधवार

मंगरूच्या तलावावर गेलो. नदीची रेती गेल्यापासून आम्ही तिथंच पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, चिचेच्या झाडाखाली करत होतो. मंगरूनं जाळं सुकवाले टाकलं होतं. मले पाहून पोपटाच्या, म्हणजे वालाच्या शेंगा उकडाले ठेवल्या, मीठ टाकून. दोघंही गरम-गरम सोलून खात बसलो. पाण्यावर धुकं, पलीकडे बगळे.

मंगरू कमी बोलते. शेंगा सोलता-सोलता म्हणे, "जाग्यावर राख पडली नाही यंदा." मांगच्या साली जिथं चूल होती, तिथले काळे दगड अजून तसेच आहेत. मले तिथं बसवेना, लिलाचा बुड टेकायचा दगड समोरच होता. रडलो मी. मंगरूनं माह्यापुढं अजून शेंगा टाकल्या.

तिथूनच इश्वरले पुन्हा फोन लावला. मंगरूनं माह्या हातातून घेतला अन् त्याले एवढंच म्हटलं, "एकदा ये. त्याच्या नावानं." इश्वर लगेच हो म्हणाला! मी एवढा घसा कोरडा केला त्याचं काही नाही. पण अट घातली — "हा शेवटचा. त्याच्या नावानं करू अन् मंग खतम. बेचव भाजी खाऊन मले त्याची आठवण खराब नाही करायची."

रविवारी, बावीसले ठरलं.

१५ डिसेंबर, रविवार

पुन्हा गच्चीवर. या खेपेले दगडफूल टाकलं, खसखस टाकली, लसूण दुप्पट. शेजारचे लक्ष्मणराव वासानं वर चढून आले, दोन वाट्या खाल्ल्या अन् म्हणे, "ताराचंदजी, हॉटेल टाका!" त्याले काय समजते! त्यानं लिलाची खाल्लीच नाही कधी.

शकुन म्हणे, "एवढं डोकं फोडण्यापरीस त्यायच्या घरी जाऊन काहून नाही विचारत?"

"कोणाले विचारू? लिला आहे काय सांगायले?"

तिनं माह्याकडं असं पाहिलं — जसं कोणी बैलाकडं पाहते! म्हणे, "घरी त ते पाण्याचा गिलासबी उठून घेत नोहते. अन् तलावावर गेले की आचारी!"

मी म्हटलं, कलाकार माणूस होता तो. कलाकार घरी कायले करन? त्याले रान पाहिजे, जाळ पाहिजे, यार-दोस्त पाहिजे.

"तुम्ही बाप्ये म्हणजे बाप्येच," म्हणे अन् हसत-हसत खाली गेली. हिले माणसाचं दुःखबी समजत नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार

लिलाच्या घरी गेलो. भाजी नाही जमत त नाही, निदान त्याची लोखंडी कढई तरी असावी म्हणून. मे नंतर त्या घराची पायरी मी नीट चढलोच नोहतो. दारातून चौकशी करून पळत होतो. आत त्याची खुर्ची आहे ना.

लिलाची बायको, बेबीवयनी, अंगणात सडा टाकत होती. बारीक झाली. म्हणे, "या ताराभाऊ. मंगरूभाऊ मासोळी देऊन गेले, तेच सांगत होते, रविवारी जाता म्हणून. बरं केलं. ह्यायले आवडलं असतं."

कढई मागाच्या आधीच तिनं आतून आणून ठेवली. घासून-पुसून, काळी कुळकुळीत. अन् कढईत स्टीलचा डबा. तोच, लिलाचा मसाल्याचा! झाकणाले पोचा पडलेला!

"दरसालचाच आहे," वयनी म्हणे. "घेऊन जा."

झाकण उघडून वास घेतला अन् डोळे भरून आले. लिला जायच्या आधी करून ठेवून गेला! आमच्यासाठी! वयनी काहीतरी बोलाले गेली, पण मी रडत होतो, त तिनं पदर डोळ्याले लावला अन् चहा ठेवाले आत गेली.

इतके महिने झाले तरी वास कसा ताजा! लिलाचा हातच तसा.

२० डिसेंबर, शुक्रवार

डबा कोणाले हात लावू देला नाही. शकुन म्हणे, "उशाशी घेऊन झोपा."

२२ डिसेंबर, रविवार

काय लिहू. आज तो आला होता असंच वाटते.

सकाळी पाळीवर पोचलो त मंगरूनं गोवऱ्या रचल्या होत्या, जागा झाडून ठेवली होती. इश्वर तोंड पाडून आला, मफलर कानाले गुंडाळून, पण कणिक घट्ट मळली पठ्ठ्यानं. मी रोडगे भरले. गोवऱ्या जळून लाल झाल्या, त्यात दाबले, वरून राख ओढली. ऊन वर येऊन राहिलं होतं. दरसाली एवढ्या वेळात लिलानं चार जणांच्या नकला करून दाखवल्या असत्या.

कढईत तेल तापलं, कांदा लाल झाला. मी डबा हातात घेतला अन् दोघांकडं पाहिलं. इश्वरच बोलला, "पाठ करायची काय रे?" — अन् दोघंही वळले! बुढे झालेले दोन माणसं तलावाकडं तोंड करून बसले. मी मसाला टाकला. चर्रर्र! आणि तो वास सुटला. इश्वर वळला, त्याचं तोंड पाहण्यासारखं होतं. "ताऱ्या! हे कुठून आणलं बे?" सांगितलं. जायच्या आधी करून ठेवला होता लिलानं.

रोडगे काढले, झटकले, फोडले, तूप सोडलं. पहिला घास चिचेखाली, त्याच्या दगडावर ठेवला. मंग आम्ही जेवलो. तीच! तीच, तीच, तीच! इश्वर खात होता अन् रडत होता, अन् तिखटावर ढकलत होता. मंगरूनं कधी नाही ते तिसऱ्यांदा मागितली. शेवटी इश्वरनं कढईत बोट फिरवाले सुरुवात केली, मी म्हटलं, थोडी त राहू दे बे कडेले.

डबा पालथा करून पाहिला. रिकामाच.

इश्वर म्हणे, "झालं. मसाला संपला, लिला संपला, रोडगे संपले. याच्याहून चांगला शेवट नाही होत." बरोबरच होतं त्याचं. मंगरूनं निखाऱ्यावर पाणी ओतलं.

कढई पोत्यात घातली. दरसालसारखी, तशीच, न घासता.

२३ डिसेंबर, सोमवार

बोटाले अजून वास आहे. आंघोळ कराची इच्छा नाही होऊन राहिली.

२५ डिसेंबर, बुधवार

कढई वापस कराले गेलो. म्हटलं, "वयनी, लिलाचा शेवटचा मसाला होता, संपला. आता रोडगे बंद."

वयनी माह्याकडं पाहतच राहिली. मंग हसली — मे नंतर पहिल्यांदा. "ताराभाऊ, ह्यायले जिरं कोणतं अन् बडीशोप कोणती ते नोहतं समजत. दरसाली मीच वाटून देत होती. हाबी तुम्ही यायच्या आदल्या दिवशीच वाटला."

कढई तिनं माह्या हातातून घेतली. कडेले वाळलेल्या भाजीवर बोट फिरवलं अन् जिभेले लावलं. म्हणे, "मीठ बरोबर पडलं होतं काय? मले एवढीच समजते, घासतानी. गरम असतानी कशी लागते, कधी खाल्ली नाही."

कढई वापस मागून घेतली. घरी आणून मी घासली. रविवारी रोडगे. वयनी येते म्हणाली.