सुरुवातीचा गोंगाट

१९ मार्च, गुरुवार

भाऊजी,

सप्रेम नमस्कार. माझी तब्येत बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते माझ्यासारखेच आहेत, कुरकुरतात आणि काम करतात. तुम्हा दोघांचंही बरं चाललं असेल असं धरते आणि मुद्द्यावर येते.

मंगळवार, १० मार्च, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. या वेळी तुम्ही ह्यांचा जुना संगणक, टेपरेकॉर्डर आणि बुटांच्या खोक्यातल्या अकरा कॅसेट तुमच्या गाडीच्या डिकीत ठेवल्यात आणि हात हलवत निघून गेलात. वेळ लिहून ठेवायची सवय टेलिफोन एक्स्चेंजची. एकतीस वर्षं लोकांचे फोन जोडून दिले. कुठला कॉल कधी लागला आणि कधी तुटला, हे विचारल्याबरोबर सांगता यायलाच हवं. त्याआधी शाळेत आमच्या सिस्टर म्हणायच्या, तक्रार करणाऱ्या मुलीने आधी तारीख सांगावी आणि मग रडावं. मी तारीख सांगितली आहे. दुसऱ्या भागाचं बघू.

मला त्या अकरा कॅसेट परत हव्या आहेत. टेपरेकॉर्डरसुद्धा. संगणक खुशाल ठेवून घ्या.

त्याच्या बदल्यात तुम्ही दुसऱ्याच दिवशी, कॅसेटवरचे सगळे खेळ भरून, मला एक डबा आणून दिलात. साबणाच्या वडीएवढा. टीव्हीला लावून दिलात आणि म्हणालात, "वहिनी, हा एम्युलेटर. ह्याच्या आतली चिप दादाच्या जुन्या मशीनचं सोंग घेते. दादाच्या प्रोग्रामला कळतसुद्धा नाही की आपण दुसऱ्याच्या घरात आहोत." प्रोग्रामला कळत नसेल. मला कळलं.

पहिल्या दिवशी टीव्ही म्हणाला, सिग्नल नाही. मी रिमोटचं प्रत्येक बटण दाबलं. स्वयंपाकाचा कार्यक्रम लागला, एक खून झाला, मग क्रिकेट. डबा काही दिसेना. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या डेंटिस्टीणबाईंना बोलावलं. त्यांनी मागच्या बाजूची वायर एका भोकातून काढून दुसऱ्यात खोचली आणि मला म्हणाल्या, "आजी, दुखलं का?" विनोद चांगला होता, पण मी हसण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

मग कीबोर्ड. ह्यांच्या मशीनवर अवतरण चिन्ह दोनच्या डोक्यावर होतं. तुमच्या नव्या कीबोर्डावर दोनच्या डोक्यावर ईमेलमधलं ते गोल शेपटीचं चिन्ह आहे. ते दाबलं की पडद्यावर अवतरण उमटतं. म्हणजे बटणावर एक छापलेलं आणि पडद्यावर भलतंच. मी स्टिकर कापून चिकटवले. अर्धा कीबोर्ड आता औषधांच्या बाटल्यांसारखा दिसतो.

हे सगळं मी सहन केलं, भाऊजी. आणि खरं तेही लिहून देते, कारण खोटी तक्रार मी आयुष्यात केली नाही: तुमचा डबा चांगला आहे. ह्यांनी लिहिलेला, सात नंबरच्या कॅसेटवरचा 'सापळा' हा खेळ जसाच्या तसा लागतो. तोच उंदीर, तीच चार रंगांची घरं. तिसऱ्या भिंतीत उंदीर आरपार जातो, ती ह्यांची चूक होती. ड्रॉइंग ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या भिंती बिनचूक काढणाऱ्या माणसाला स्वतःची एक भिंत शेवटपर्यंत दुरुस्त करता आली नाही, म्हणून मी त्यांना किती बोलले असेन. ती चूकसुद्धा तुमच्या डब्याने हुबेहूब ठेवली आहे.

पण तो खेळ लागतो एका सेकंदात. बटण दाबलं की उंदीर हजर. पूर्वी कॅसेटवरून यायला सहा मिनिटं लागायची. "वहिनी, तुमची सहा मिनिटं वाचवली!" असं तुम्ही म्हणालात. मागितली होती कोणी?

गेल्या शुक्रवारी मी तुम्हाला मेसेज केला: "सात नंबरच्या सुरुवातीला काहीच ऐकू येत नाही." तुमचं उत्तर माझ्यासमोर आहे, अक्षर न अक्षर उतरवते. "सुरुवातीचा गोंगाट साफ केला, वहिनी. कॅसेटमधून फक्त प्रोग्राम उचलला. मूळ रेकॉर्डिंग फार जागा खात होतं, उडवलं. फाइल एकदम स्वच्छ!" आणि खाली एक अंगठा. पाच मिनिटांनी दुसरा मेसेज: "कॅसेटचं काम आता संपलं. २८ तारखेला आमच्या जुन्या संगणकवाल्या मंडळाची बैठक आहे, तिथे वाटून टाकतो. लोकांना पुसून वापरायला कॅसेट मिळत नाहीत हल्ली."

त्यावर मी काय लिहिलं, ते तुमच्याकडे आहे. मी लिहिलं, "बरं."

हे "बरं" मला इथे समजावून सांगावं लागणार आहे, आणि त्याचा मला संताप येतो आहे. तुमच्यापेक्षा स्वतःचा जास्त.

तुम्ही खोकं उचललंत तेव्हा दारात थांबून विचारलं होतंत. तेवढं श्रेय तुमचं. "वहिनी, ह्या ठेवायच्यात का तुम्हाला?" मी उत्तर देणार, तेवढ्यात आमच्या धाकट्या जाऊबाई, म्हणजे तुमच्या सौभाग्यवती, हसून म्हणाल्या, "अहो, ताईंना कशाला हव्यात? त्या काय आता या वयात व्हिडिओ गेम खेळणार?" आणि मी म्हणाले, "माझ्या काय कामाच्या? घेऊन जा." जाऊबाईंचा दोष नाही, त्यांचं तोंड माझ्या तोंडासमोर म्हणजे दुधाचे दात. दोष हा, की मी रोज दुपारी दोन वाजता तो खेळ लावते हे मला त्यांच्यासमोर कबूल करायचं नव्हतं. सत्तर ओलांडलेली बाई दार लावून उंदीर पळवते, हे सांगताना मला लाज वाटली.

आणि मी उंदीर पळवतही नाही, भाऊजी. मला तो खेळ कधी जमला नाही. पहिल्या घरातच मरते.

ऐका. ह्यांची पद्धत होती. प्रोग्राम कॅसेटवर उतरवायच्या आधी ते मायक्रोफोन लावून कॅसेटचा नंबर, बाजू आणि प्रोग्रामचं नाव तोंडाने सांगायचे. पुढे शोधायला सोपं जावं म्हणून. मग मायक्रोफोन काढायचा, संगणकाची वायर खोचायची, आणि ती कर्कश शिट्टी सुरू, म्हणजे प्रोग्राम. ऐकताना उलटं. मी टेपरेकॉर्डरची वायर काढून ठेवायची, म्हणजे आवाज खोलीत यायचा, आणि शिट्टी सुरू झाली की वायर परत खोचायची. तुमच्या लॅपटॉपला शिट्टी तेवढी समजली. बाकीचं त्याने कचरा म्हणून टाकलं आणि तुम्ही टाकू दिलंत. ह्यांची चूक ठेवलीत, आणि ह्यांना वगळलंत.

सात नंबरवर काय आहे ते मी तोंडपाठ लिहू शकते.

"कॅसेट सात. बाजू पहिली. सापळा. काउंटर शून्य." मग लांबून, स्वयंपाकघरातून, एक बाई ओरडते: "चहा तिसऱ्यांदा गरम करणार नाही सांगून ठेवते! त्या डब्यालाच पाजा!" मग ते हसतात. पोटातून, खोकला येईपर्यंत. "झालं. बाईसाहेब, तुम्हीसुद्धा रेकॉर्ड झालात." मग खट्, आणि शिट्टी.

एवढंच आहे. एकोणीस सेकंद. गोड काही नाही त्यात. मी भांडते आहे आणि ते हसताहेत, आमचं सगळं लग्न तसंच गेलं.

तुम्ही म्हणाल, मोबाइलमध्ये कुठेतरी आवाज असेलच. विसरलात का? गळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आपल्या कुणाकडेच असे फोन नव्हते. शेवटचे चौदा महिने ते पाटीवर लिहून बोलले. मी तोंडाने भांडायची आणि ते खडूने उत्तर द्यायचे, आणि मी जिंकायची, कारण खडू हळू चालतो. तसं जिंकण्याची शरम मला आजही आहे. हे मी कुणाला बोलले नाही. तुम्हालाही बोलणार नव्हते, पण कॅसेट मागायच्या तर कारण द्यावं लागतं, कारणाशिवाय तुम्ही पुन्हा अंगठा पाठवाल.

आता तुमच्या कामाचं एक सांगते. तुम्ही म्हणालात, डब्यातल्या सगळ्या खेळांत तुम्हाला चार नंबरचा 'होडी' सगळ्यांत आवडतो, मंडळातही तोच दाखवणार. जरूर दाखवा. फाइल स्वच्छच आहे. पण कॅसेट चारवर शिट्टीच्या आधी तुमचे दादा म्हणतात: "कॅसेट चार. होडी. धाकट्यासाठी. त्याला हरणं सहन होत नाही, म्हणून दगड कमी ठेवलेत. त्याला सांगू नये." मी तीस वर्षं सांगितलं नाही. आज सांगितलं, कारण येत्या २८ तारखेला कुणीतरी अनोळखी गृहस्थ त्यावर स्वतःचं काहीतरी उतरवणार आहेत, आणि मग सांगायला पुरावा राहणार नाही.

तर माझी मागणी. एक, अकराच्या अकरा कॅसेट आणि टेपरेकॉर्डर बैठकीच्या आधी माझ्या घरी पोचावेत. दोन, आतापर्यंत त्यातली एकही कुणाला दिली आहे का, आणि दिली असेल तर कुणाला, हे मला नावपत्त्यासकट कळावं. त्यांच्या दारात मी स्वतः जाईन, त्याची काळजी तुम्ही करू नका. तीन, माझं "बरं" मी या पत्राने मागे घेते आहे, याची नोंद घ्यावी. आणि दारातलं "घेऊन जा" सुद्धा.

परत आल्या की तुम्ही या, चार नंबर ऐकायला. वायर कुठली काढायची ते मी दाखवीन. जाऊबाईंनाही आणा, मी त्यांना सात नंबर ऐकवीन, म्हणजे त्यांना कळेल की मी पूर्वीपासून अशीच आहे.

उत्तर गुरुवार, २६ मार्च, दुपारी बारा वाजायच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. लेखी. अंगठा चालणार नाही. आणि फोन तर मुळीच करू नका, भाऊजी. आता वयाने तुमचा आवाज ह्यांच्यावर गेला आहे. तुम्ही "हॅलो, मी बोलतोय" म्हणता, आणि एकतीस वर्षं माणसं आवाजावरून ओळखलेली बाई दर वेळी, एक क्षणभर, फसते. तो क्षण मला या आठवड्यात नको आहे. कागदावर लिहा, तुमच्या त्या वाईट अक्षरात.

वाट पाहणारी,
तुमची वहिनी