शेवटच्या ओव्हरला गॅलरीत

बाबा, आज मॅच आहे आणि मी गॅलरीत बसलो आहे. या वेळी मला कुणी बाहेर घालवलेलं नाही, माझा मीच उठून आलो. आत तुमची नात टीव्हीसमोर पाय पसरून बसली आहे. तुम्ही गेल्यावर जन्मलेली ती, त्यामुळे तुमचे नियम तिला ठाऊक नाहीत. मगाशी ऐन मोक्याच्या वेळी ती उठली, फ्रीज उघडून पाणी प्यायली आणि भलत्याच खुर्चीवर जाऊन बसली. कुणी तिला हटकलं नाही, मीच बाहेर येऊन गॅलरीचं दार ओढून घेतलं.

आपल्या याच कर्वेनगरच्या घरात मॅचच्या दिवशी ज्याची त्याची जागा ठरलेली असायची. आपला डाव रंगात आला की कुणी जागचं हलायचं नाही, हा तुमचा कायदा. खालच्या मजल्यावरचे काका दाराजवळच्या स्टुलावर बसलेले असले तर पायाला मुंग्या आल्या तरी तिथेच. आई मेथी निवडत असली तर मेथी संपली तरी मांडीवरचं ताट खाली ठेवायचं नाही. एरवी तुम्ही पाटबंधारे खात्यातले, खडकवासल्याच्या पाण्याची पातळी मोजणारे, चोख शास्त्राचे माणूस. घरात राहुकाळ नाही, मुहूर्त नाही, मांजर आडवं गेलं तर तुम्ही त्यालाच वाट द्यायचात. पण क्रिकेट लागलं की तुमच्यातल्या शास्त्राला सुट्टी असे.

माझी जागा गॅलरीत ठरली ती अशी. मी असेन आठ-नऊ वर्षांचा. तुमच्यासाठी पाण्याचा पेला घेऊन आत आलो आणि विकेट पडली. पेला परत न्यायला आलो, तर दुसरी पडली. तुम्ही माझ्याकडे नखशिखांत बघून म्हणालात, "आपली पायधूळ झाडलीत, आभारी आहोत. आता आपण जरा गॅलरीत उभं राहावं." काका खो खो हसले. म्हणाले, "पांढऱ्या पायाचा दिसतोय हो पोरगा!" मीही हसलो. त्या वयात सगळे हसले की आपणही हसतो. दार लागलं आणि मी कठड्याला टेकून उभा राहिलो. समोरच्या इमारतींतून आरडाओरडा यायचा आणि त्यावरून मी अंदाज बांधायचो. थोड्या वेळाने तुम्ही दार उघडून बाहेर आलात, माझ्या शेजारी उभे राहिलात आणि स्कोअर सांगितलात. मग प्रत्येक मॅचला तसंच होऊ लागलं. सामना अटीतटीला आला की "चला, निघा" म्हणून मला बाहेर काढायचं आणि पाठोपाठ "पोराला सांगून येतो" म्हणून तुम्ही यायचं.

हसण्यावारी नेलेलं ते माझ्या मनात मात्र रुतून बसलं, हे तुम्हाला कधी कळलं नसेल. दहावीचा निकाल लागला तेव्हा मी शाळेत गेलो नाही, मावसभावाला पाठवलं आणि गल्लीच्या टोकाशी उभा राहिलो. मी बघायला गेलो तर नंबर नसेल, अशी भीती. नोकरी लागली, हिंजवडीच्या बसने जाऊ-येऊ लागलो, तिथेही आमच्या कामाची मोठी तपासणी असली की मी काहीतरी निमित्त काढून खोलीबाहेर थांबायचो. लोकांना वाटायचं, किती शांत माणूस आहे.

मग कंपनीने मला जर्मनीत पाठवलं, एका लहान गावात. तिथे क्रिकेट म्हणजे काय हे सांगताना हातवारे करावे लागायचे. मला वाटलं, चला, इथे तरी आपण हव्या त्या खुर्चीत बसून मॅच बघू. संगणकावर चित्र अडखळत का होईना, दिसायचं. पहिल्याच मोठ्या सामन्याला तुमचा फोन. "बघतोयस का?" मी हो म्हटलं. "तरीच! बंद कर ते आणि बाहेर जा." इतक्या लांबूनही पांढरा पाय लागतो का, असं मी चिडून विचारलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "आत्ताच लागला. जा बाबा, जरा हवा खा." आणि मी मुकाट्याने कोट चढवून बाहेर पडलो. तिशी उलटलेला, मिळवता माणूस.

ते गाव मला माहीत झालं ते तुमच्यामुळेच. आपल्याकडे संध्याकाळी मॅच रंगायची तेव्हा तिथे लख्ख दुपार असायची. मी नदीकाठाने चालत राहायचो आणि खिशातला फोन वाजायची वाट बघायचो. माणसं मला ओळखायला लागली. एक तुर्की केस कापणारा होता. फोन आला की कात्री थांबवून तो माझ्या तोंडाकडे बघायचा आणि आपल्या सिनेमातलं एखादं जुनं गाणं गुणगुणायचा. शब्द सगळे चुकीचे, चाल मात्र बिनचूक. "वडील?" तो विचारायचा. मी मान हलवायचो. तो म्हणायचा, "मग बोला, केस कुठे पळून जात नाहीत."

माझ्या वरच्या मजल्यावर एक आजी राहायच्या. त्या दिवसांत तिथे टीव्हीवर आपले हिंदी सिनेमे जर्मनमध्ये बोलायला लागले होते आणि आजी त्यांच्या नादी लागल्या होत्या. एका रविवारी मला वर बोलावून त्यांनी केक खायला घातला आणि सिनेमाभर शंका विचारल्या. नवरदेव घोड्यावरच का? लग्नात सगळे रडतात का? शेवटी पडद्यावर बाप आणि मुलगा एकमेकांच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले, तेव्हा आजींनी डोळे पुसले आणि विचारलं, "तुम्ही तुमच्या वडिलांशी असंच बोलता?" मी हसलो. म्हटलं, "आम्ही फक्त क्रिकेटबद्दल बोलतो." त्या म्हणाल्या, "बोलता ना, मग झालं."

आणि तो म्हातारा. त्याच्याबद्दल मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. गावाच्या फुटबॉल मैदानाच्या भिंतीला लागून एक बाक होता. एकदा असाच भटकत मी तिथे पोचलो. आत सामना रंगला होता आणि हा गृहस्थ गळ्यात संघाचा मफलर घालून बाहेर बाकावर बसला होता. तिकीट मिळालं नाही का, असं मी विचारलं. त्याने खिशातून तिकीट काढून दाखवलं. म्हणाला, "शेवटची दहा मिनिटं मला बघवत नाहीत. छातीत धडधडतं. मग मी बाहेर येतो." मी त्याला माझी गोष्ट सांगितली. मी बघितलं की आमचा संघ हरतो, म्हणून मला बाहेर काढतात. त्याने मफलर सोडून पुन्हा गळ्याभोवती गुंडाळला. मग म्हणाला, "तुमचं बरं आहे. तुम्हाला कुणीतरी बाहेर काढतं. मला स्वतःच उठावं लागतं."

हे तुम्हाला सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, तुम्ही एखादा खवचट शेरा माराल. पण आधी फोनमध्ये तुमच्या मागचा रिक्षाचा हॉर्न स्पष्ट ऐकू आला. मग म्हणालात, "त्याला म्हणावं, असं एकट्याने उभं राहू नये. पुढच्या वेळी तू जाऊन बस त्याच्यापाशी." मी गेलो. नंतरही जात राहिलो. भिंतीपलीकडच्या गलक्यावरून गोल आपला की त्यांचा, हे तो अचूक ओळखायचा.

मग ती फायनल. मी त्याच बाकावर होतो. तुमचा फोन आला आणि तुम्ही ओरडलात, "जिंकलो! काय कव्हर ड्राइव्ह मारलाय रे! गवताचं पातंसुद्धा हललं नाही!" मला तो फटका डोळ्यांसमोर दिसला. मी उठून छत्री हातात घेतली आणि तो त्या म्हाताऱ्याला मारून दाखवला. पुढे केस कापणाऱ्याला दाखवला, आजींना दाखवला, ऑफिसात कितीतरी जणांना दाखवला. त्या गावात क्रिकेटमधलं कुणाला काही ठाऊक असेल, तर तो तुमचा कव्हर ड्राइव्ह.

त्यानंतर वर्ष-दीड वर्षात आईचा फोन आला आणि मी मिळेल त्या विमानाने आलो. तुम्ही अतिदक्षता विभागात होतात. एकेकाला, तेही थोडा वेळच आत सोडत होते. तुम्ही डोळे उघडलेत. "केव्हा आलास?" सकाळी, मी म्हटलं. "जेवलास?" मी हो म्हटलं, जेवलो नव्हतो. तुम्हाला धाप लागत होती. तुम्ही पडद्यावर वरखाली होणाऱ्या त्या हिरव्या रेघेकडे बघितलंत, मग माझ्याकडे. मीही त्या रेघेकडेच टक लावून होतो. तुम्ही म्हणालात, "तू बाहेर थांब. हे बघत बसू नकोस."

मी बाहेर आलो. दुपारची वेळ होती. कॉरिडॉरमध्ये कुणीतरी डबा उघडला होता, भाजीचा वास येत होता. मी दाराशेजारी भिंतीला टेकून उभा राहिलो. बऱ्याच वेळाने दार उघडलं आणि डॉक्टर बाहेर आले. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून बोलत होते आणि मी त्यांच्या मागे त्या दाराकडे बघत होतो, की आता तुम्ही याल, शेजारी उभे राहाल आणि काय झालं ते सांगाल. दार हळूहळू मिटत गेलं. त्या वेळी मला रडू आलं नाही.

बाबा, ते तुमचं शेवटचं वाक्य मी किती वर्षं उराशी धरून हिंडलो, कसं सांगू. शेवटच्या क्षणीही बापाला मुलगा समोर नको होता. म्हणजे ती थट्टा नव्हतीच, तुम्ही ते खरं मानत होतात, असं मी ठरवून टाकलं. लग्न झालं, मुलगी झाली. तिच्या जन्माच्या वेळी मी हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर उभा होतो. बायकोने त्याबद्दल मला अजून माफ केलेलं नाही, आणि तिचं बरोबरच आहे.

कायमचा पुण्यात परतल्यावर, अशाच एका रिकाम्या दुपारी, मी संगणकावर ती जुनी फायनल शोधून काढली. म्हटलं, एकदा तो कव्हर ड्राइव्ह डोळ्यांनी बघू. शेवटचा चेंडू पडला. फलंदाजाने बॅट फिरवली, चेंडू बॅटला लागलाच नाही. पॅडवर आपटून कुठेतरी मागे गेला आणि दोघे धापा टाकत पळाले. लेगबायच्या धावेवर जिंकलो होतो आपण! मी पुन्हा पुन्हा बघितलं. आई शेजारी बसून शेंगा सोलत होती. मी म्हटलं, "आई, बाबा तर कव्हर ड्राइव्ह म्हणाले होते."

"त्यांना काय माहीत?" आई म्हणाली. "ते गॅलरीत होते."

मी चित्र थांबवलं. ती शेंगा सोलतच राहिली. "अरे, त्यांनी जन्मात कधी शेवटची ओव्हर बघितली नाही. धीरच नव्हता. हात गार पडायचे. पण नुसतेच उठून गेले असते तर खालच्यांनी गावभर केलं असतं. म्हणून आधी तुला घालवायचं, मग तुला सांगायच्या निमित्ताने आपण सटकायचं. तू तिकडे गेलास, तर तो बिनतारी फोन आणायला लावला ना तुला? तो घेऊन गॅलरीत जायचे. लोकांचा आवाज ऐकायचे आणि तुला ठोकून द्यायचे."

"मग मला कधी सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? तुम्ही दोघं तिथे कठड्याला टेकून बोलत उभे असायचात. घरात कधी बोलायचात का? मी कशाला मोडता घालू?"

मी उठून गॅलरीत आलो. तो रिक्षाचा हॉर्न मला तेव्हा आठवला. हॉलमध्ये रस्त्याचा आवाज एवढा येत नाही, हे या घरात वाढलेल्या माणसाला कळायला हवं होतं. कठड्यावर तुम्ही जिथे कोपर टेकायचात तिथे मी हात ठेवला आणि रडलो. कॉरिडॉरमध्ये जे आलं नव्हतं ते सगळं तिथे आलं. मी पांढऱ्या पायाचा नव्हतो. तुम्हाला बघवत नसे, आणि जिथे बघवत नाही तिथून उठताना तुम्हाला सोबत हवी असे, म्हणून तुम्ही मला आधी पाठवायचात. त्या दुपारीही तुम्ही तेच केलंत. फक्त पाठोपाठ यायला तुम्हाला जमलं नाही.

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही. मॅच संपली की घडी घालून कपाटात ठेवून देईन. कव्हर ड्राइव्ह मात्र मी अजून तुमचाच सांगतो. लेगबायचं लेकीलासुद्धा सांगितलेलं नाही.

आत्ता समोरच्या इमारतीतून एकदम आरडाओरडा झाला. जिंकलो की गेली विकेट, काही कळत नाही. फोन खिशातच आहे, काढला तर लगेच कळेल, पण मी काढत नाही. दाराची कडी वाजली की लेक येईल आणि सांगेल. तिला वाटतं, मी तिच्यासाठी थांबतो. थांबतोही. पण कडी वाजते आणि ती दिसते, त्या मधल्या क्षणी, बाबा, मला अजून तुम्हीच येताय असं वाटतं.