आत घेताना की बाहेर सोडताना

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? (माझे आहेत तसेच आहेत, आवाजासकट.) अक्षर लावून वाच, चौथीत शाळा सुटलेल्या हातून याहून बरं येत नाही. पत्र आनंदाचं आहे, तरी लिहिताना चारदा उठले, तेव्हा मध्ये शब्द गळला असेल तर तूच जोड.

आपली नात आता न वाजता श्वास घेते. वाजायची हे तुला कळवलंच नव्हतं. कळवलं असतं तर तू पहिल्या गाडीनं येऊन माझ्याआधी रडायला बसली असतीस. दीड महिन्याची असताना सुरू झालं. किटलीचं झाकण नीट बसलं नाही की ती कशी कुंईकुंई करते, तसं. मुलगा म्हणाला सर्दी. मीही सर्दीच धरली आणि तिचं नाक पुसून पुसून लाल केलं. सून मात्र मोबाईल घेऊन पाळण्यापाशी. पोरीचा जीव कासावीस आणि आईला मोबाईल सुटत नाही, असं मी (तिला ऐकू जाईल इतक्याच हळू) बोलून घेतलं.

दवाखान्यात नेलं तर पोरगी गप्प. डॉक्टरीणबाई कान देऊन बसल्या, ही त्यांच्याकडे बघून हसते. शेवटी मीच आवाज काढून दाखवला, इतका हुबेहूब की बाईंनी नळी माझ्याच छातीला लावली. मग विचारलं, "आजी, आवाज श्वास आत घेताना येतो की बाहेर सोडताना?"

ताई, पंधरा दिवस पाळण्यापासून हलले नव्हते आणि एवढं मला सांगता येईना. सुनेनं मोबाईल पुढे केला. सगळं टिपलं होतं तिनं, पाजताना, झोपेत, रडताना. आत घेताना यायचा. बाई म्हणाल्या, नाक नाही, छातीही नाही. श्वासनळीच्या तोंडाशी कोवळं आहे, ते आत ओढलं जातं आणि वाजतं. वाढेल तसं घट्ट होईल. दूध पिईना, बरगड्यांखाली खड्डे पडू लागले किंवा ओठ निळे दिसले, तर मात्र धावत यायचं. परतताना सुनेची पिशवी मी धरली. तोंडानं माफी मागणं मला कुठं जमतं.

तेव्हापासून वर्षभर स्वयंपाकघरातूनही कळायचं, वाजतेय, म्हणजे ठीक आहे. सोमवारपासून बंद. (थांब, बघून येते.) झोपलीय, गाल फुगवून. सून म्हणते, "आई, आता तरी बसा."

तुझी धाकटी

ता.क. लहानपणी तुझ्या घोरण्यावर मी उशी फेकायचे, ते विसर. आठ दिवस ये आणि माझ्याच खोलीत झोप. घरात काही वाजत असल्याशिवाय मला बसवत नाही.

आणखी एक. घोरणं थांबवायला नाकाचं ऑपरेशन करून घेणार म्हणतेस, ते परत गेल्यावर कर.